पत्ता देता येत नाही

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चिडले की मी अजून तुमच्याशीच भांडते. आज खरं तर सरकारवर चिडलेय.

नारायण पेठेतल्या तुमच्या स्वयंपाकघरात आमची गणिताची शिकवणी चालायची. एका हाताने आमटी ढवळत तुम्ही दुसऱ्या हाताने फळ्यावर लिहायचात. एकदा मी माझी रीत हाताने झाकली, तर म्हणालात, "अहो विदुषी, रीत काय झाकताय? सगळ्यांना दाखवा, आणि तरीही कुणाला सोडवता येणार नाही असं कोडं घाला. मग आम्ही आपल्याला हुशार म्हणू." तेव्हा रडले होते. आता धायरीत माझी छोटी कंपनी आहे, आणि आम्ही तेच करतो. माहितीला कुलूप घालणारं सॉफ्टवेअर. कुलूप कसं बनवलंय ते जगजाहीर, किल्ली ज्याची त्याच्याकडे.

परदेशात एक डॉक्टर आहे. नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बायकांना ती लपवून ठेवते. कोण कुठल्या घरात आहे, ही माहिती आमच्या कुलपात राहणार होती. पण असलं कुलूप देशाबाहेर पाठवायला सरकारी परवाना लागतो. त्याची कामं करणारे आमचे सल्लागार म्हणाले, "मॅडम, वापरणाऱ्याचा पूर्ण पत्ता लागणार."

"अहो, पत्ता कुणाला कळू नये म्हणून तर त्या हे घेतायत!"

"ते मला कळतं. फॉर्मला कळत नाही."

सरकारचंही सगळंच चूक नाही. हेच कुलूप उद्या एखाद्या बदमाशाच्या हाती पडेल, ही भीती खोटी कशी म्हणू? त्यातच ज्या परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर हे चालणार होतं, तिने डॉक्टरच्या देशातली सेवाच बंद केली. कारण विचारलं, तर 'धोरण' एवढंच उत्तर आलं.

डॉक्टर वाट बघून थकली आणि सगळे पत्ते साध्या फाइलीत ठेवू लागली. गेल्या आठवड्यात एका बाईचा नवरा, ती लपली होती त्या घराच्या थेट दारात पोचला. पुढे काय झालं ते डॉक्टरने लिहिलेलं नाही. मला विचारवत नाही.

पत्ता देणं मला जमणार नव्हतं, म्हणून आज दुपारी मी परवान्याचा अर्ज मागे घेतला. डॉक्टरला वाटतंय, तो अजून दिल्लीत विचाराधीन आहे. खरं सांगू बाई? मी तिलाच लिहायला बसले होते. पहिल्या ओळीपुढे हात चालेना, म्हणून ती ओळ खोडली आणि तुम्हाला लिहीत सुटले. मग आता आम्ही काय करायचं, असं ती विचारेल. तुम्ही मला विचारणार नाही.