कारंज्यापाशी बाजूला व्हा

दुब्रोव्हनिक, १९ जुलै

प्रिय ओर्सातदादा,

तू, वहिनी, पोरी सगळे मजेत असाल. इथे उकाड्याने जीव नकोसा केलाय. काल बंदरात चार जहाजं लागली, मोठ्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. पाहुण्यांना गाव दाखवत माझ्या दिवसाला तीन-तीन फेऱ्या चालल्यात. तटबंदी, मठ, कारंजं, पुन्हा तटबंदी. बोलून बोलून घसा बसलाय. वहिनीच्या चेरीच्या मुरंब्याची बरणी पोचली होती. आईने ‘साखर जास्त झालीय’ म्हणत अर्धी संपवली. आवडला म्हणून सांग तिला.

आईचं म्हणशील तर बरी आहे.

हे वाक्य तीनदा खोडलं आणि पुन्हा तेच लिहिलं. बरी नाही रे. गेल्या मंगळवारी तिला अर्धांगाचा झटका आला. इस्पितळात आहे. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आठवडा निघेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. त्याच दिवशी तुला कळवायला हवं होतं, पण तू म्हणाला असतास, ‘तिला त्या पायऱ्यांवरून खाली, लिफ्ट असलेल्या घरात ने म्हणून कानीकपाळी ओरडत होतो.’ ओरडत होतास. मीच भांडले. ‘मी आहे ना इथे, हाकेच्या अंतरावर,’ असं छातीठोकपणे म्हणाले.

समोरच्या निक्शाकाकाला ती स्वयंपाकघरात पडलेली सापडली. ऐन अकराची वेळ. रुग्णवाहिका वेशीच्या आत येत नाही, तुला माहीतच आहे. चौघांनी स्ट्रेचर उचललं, एकशे बारा पायऱ्यांवरून खाली उतरवलं आणि गर्दीतून निघाले. तिच्या तोंडावर चादर ओढली होती. तू गाव सोडल्यानंतर पडलेला रिवाज आहे हा. पाहुणे आजाऱ्याचेही फोटो काढतात, म्हणून गल्लीतली माणसं तोंड झाकूनच नेतात. मीही दोघा-तिघांना असंच झाकलंय.

मी तेव्हा कारंज्यापाशी होते. बावीस माणसं, गळ्यात माइक, फोन पिशवीत मुका करून ठेवलेला. निक्शाकाकाने अकरा वेळा लावला होता, ते नंतर पाहिलं. समोरून स्ट्रेचर आलं. मी म्हटलं, “कारंज्यापाशी बाजूला व्हा, वाट द्या.” माणसं बिचकली, म्हणून त्यांना हसवायला पुढे बोलले, “आमच्या गावात सत्तरी ओलांडली की आम्ही माणसाचे पाय जमिनीला लागू देत नाही!”

हसले सगळे. मीही हसले, दादा.

तेवढ्यात चादरीखालून एक हात बाहेर आला. डावा. मी पाहिला आणि पुन्हा कारंज्याकडे वळून त्याचं साल सांगू लागले. स्ट्रेचरच्या मागच्या टोकाला निक्शाकाका होता, गर्दीआड मला दिसला नाही. काल म्हणाला, “पोरी, तोवर ती निपचित होती गं. तुझा आवाज आला आणि हात काढला. आम्हाला वाटलं, उकडतंय.”

आता मी खोलीत शिरले की ती तोंड भिंतीकडे फिरवते. नर्स म्हणते, आजारात मान अशी वळतेच, मनाला लावून घेऊ नका. असेलही. पण शेजारची मारिनबाई आली तर फिरवत नाही. मी तिच्या पायाशी बसते, बोलत नाही. माझा आवाजच मला नकोसा झालाय.

फोनवर हे माझ्याच्याने बोलवलं नसतं, म्हणून हे पत्र तुझ्या रिएकाला येणाऱ्या सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. रात्री स्टॉपवर जाऊन घे, एवढाच मेसेज तुला करतेय; वाचलंस की परतीच्या त्याच बसने ये. भांड माझ्याशी, हवं तितकं भांड, पण ये. डाव्या हाताने ती अजून बोट दाबते. ‘हो’ असेल तर एकदा, ‘नाही’ असेल तर दोनदा. तिला विचार, कारंज्यापाशी मी जे बोलले ते तिने ऐकलं का. मला विचारण्याचा धीर नाही.

आणि तिने एकदाच दाबलं तर माझ्यावर दया करून खोटं सांगू नकोस.

तिच्या हाकेच्या अंतरावर असलेली,
रोमाना