डावीकडचा हत्ती

गुरुजी, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि मी आज हत्तीपायी तुम्हाला लिहायला बसले, हसाल तुम्ही. सकाळी नातवानं पुस्तक पुढं धरलं, "आजी, रानहत्तींच्या तीन जाती असतात." दोन आफ्रिकेतल्या, एक उघड्या गवताळ रानातली अन् एक काँगोकडच्या दाट जंगलातली. तिसरी आपली, म्हैसूर-आसामपासून ब्रह्मदेश, सिलोन, सुमात्रापर्यंत राहणारी. तुम्ही दोनच शिकवल्या होत्या. मी "बराबर" म्हणाले अन् कागद घेऊन बसले.

अंबडची आपली शाळा. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जन्मभर उर्दूतून शिकवलेल्या तुम्हाला आता मराठीतून शिकवायचं होतं. घरी मराठीच बोलायचात, पण फळ्यापुढं उभं राहिलं की खडू अडायचा. तपासणीला साहेब येणार, त्यांचा शेरा चांगला पडला तरच वर्ग तुमच्याकडं राहणार, हे आम्हा लेकरांनासुद्धा ठाऊक होतं. आणि मी कारटी अशी, की तपासणीच्या आदल्या दिवशी तुम्ही फळ्यावर चुकून लिहिलेलं सगळ्यांदेखत पुसून नीट करायला गेले! तुम्ही हातावर पट्टी ओढलीत. "लई शहाणी झालीस का गं? मास्तर मी का तू?" वर्ग फिदीफिदी हसला. मला पट्टीपेक्षा ते हसणं जास्त लागलं.

तरी दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायला मलाच उठवलंत, कारण माझं अक्षर चांगलं. तुम्ही दोन हत्ती काढले होते, आणि काय सुंदर काढले होते हो! एकाचे कान सुपाएवढे, खांदा झाकणारे. दुसऱ्याचे लहान, पाठ वर आलेली. आपल्यात कुणी रानातला हत्ती बघितला होता? तुम्हीही न्हाई. बाहेर जीप थांबते. तुम्ही टोपी सारखी करत दाराकडं निघता अन् जाता जाता सांगता, "पहिल्याखाली आफ्रिका लिही, दुसऱ्याखाली हिंदुस्थान. जल्दी!" मी डावीकडून लिहायला लागते. उर्दू लिहिणारा तुमचा हात मात्र आयुष्यभर उजवीकडून चाललेला. तुमचा पहिला, मोठ्या कानांचा हत्ती उजवीकडचा होता.

साहेब आत येतात, फळ्यापुढं थांबतात. मग ते म्हणतात, "मास्तर, आपल्या म्हैसूरच्या हत्तीला एवढे कान कधी फुटले?" तुम्ही वळून वाचता, ओठ हलताहेत. मग तुमची नजर माझ्यावर येते. आता नाव घेतील, मला वाटतं. तुम्ही म्हणता, "चूक माझी हाय, साहेब. लेकरानं मी सांगितलं तसं लिहिलं."

"शिक्षकालाच ठाऊक नाही, तर मुलांनी काय शिकावं?" एवढं बोलून साहेबांनी वहीत शेरा लिहिला.

महिन्याभरात तुमचा वर्ग गेला. भोकरदनकडं कुठल्याशा कचेरीत नकला उतरवायचं काम मिळालं. बसपाशी मी आले तेव्हा तुम्ही पिशवीतून रंगीत खडूंची डबी काढून दिलीत. "माझा पहिला इकडून सुरू होतो पोरी, तुझा तिकडून. यात तुझा काय दोष? तू मास्तरीण हो." मी झाले, गुरुजी. तीस वर्षं शिकवलं. तुम्ही परत कधी वर्गात उभे राहिला न्हाईत, हे नंतर कानावर आलं.

हे पत्र कुठं टाकणार? घडी करून त्याच डबीत ठेवते. पण तुम्ही माफ केलंत ते चुकीला, अन् ती नुसती चूक नव्हती. तुम्ही साहेबांना आणायला गेल्यावर मी दोन पावलं मागं सरून फळा बघितला होता. कान दिसले होते मला. पुसायचं फडकं हातातच होतं, वेळही होता. पण तळहात अजून हुळहुळत होता. मी मनात म्हटलं, मास्तर मी थोडीच हाय? आणि जागेवर जाऊन बसले.