काल येऊन गेली

बाबा,

गेला आठवडाभर मी जुन्या कॉम्प्युटरमधल्या मेल नव्या लॅपटॉपवर हलवते आहे. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "हलवते म्हणजे? पेटीत भरून?" जवळपास तसंच आहे. जुना कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन होतो, मध्येच तो बंद पडतो, आणि त्यातला मेलचा प्रोग्राम इतका म्हातारा की नवा लॅपटॉप त्याला ओळखच दाखवत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, डिलीट मारून टाका ना सगळं, जुन्या मेल कोण बघतंय?" मी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मुकाट्याने दुसरा उपाय सांगून निघून गेला. एकेक फोल्डर वेगळा काढायचा, न्यायचा आणि तिकडे नीट उघडतोय का ते बघायचं. आधी एखादा लहानसा नेऊन बघा, म्हणाला. सगळ्यात लहान तुमचा निघाला. 'बाबा' नावाचा. मधल्या सतरा-अठरा वर्षांत मी तीन कॉम्प्युटर बदलले, दरवेळी तो फोल्डर बरोबर नेला आणि एकदाही उघडला नाही.

का नाही उघडला, ते तुम्हाला सांगायला हवं. मला तुमचा राग आला होता. तुम्ही असे अचानक गेलात, शेजारच्या काकूंचा फोन येतो आणि मी बंगलोरहून मिळेल त्या विमानाने येते, तर घरात माणसं आणि तुम्ही खाली चटईवर. डॉक्टर म्हणाले, आधी काहीतरी त्रास होत असणारच, तुम्हाला बोलले नाहीत का? त्या प्रश्नाचं उत्तर मी इतकी वर्षं ज्याला त्याला देत आले. नाही हो, काही म्हणजे काही बोलले नाहीत. माणसाने इतकं मनात ठेवू नये. तुमच्या प्रत्येक श्राद्धाला हे वाक्य झालंय माझं, घरचे ते पाठ म्हणून दाखवतात.

आणि तुम्ही एरवी काही मनात ठेवणारे नव्हतात, याचाच जास्त राग. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलीत, चूक दिसली की तुमचा हात थांबायचाच नाही. मी सातवीत असताना दूध गॅसवर ठेवून खेळायला गेले, सगळं उतू गेलं. घाबरून ओट्यावर चिठ्ठी ठेवली, 'दुध सांडलं, सॉरी', आणि पळाले. संध्याकाळी परत आले तर ओटा पुसलेला, चिठ्ठी जागेवरच, आणि तुम्ही त्यातला 'दु' खोडून वर 'दू' केलेला. बस. आई म्हणाली, "अहो, पोरगी रडवेली झालीये, काहीतरी बोला तिच्याशी." तुम्ही म्हणालात, "बोललो की. दीर्घ आहे म्हणालो." लग्नपत्रिका, हळदीकुंकवाचं बोलावणं, सोसायटीची पाण्याची नोटीस, कशालाही तुम्ही सोडलं नाहीत. सेक्रेटरी तर नोटीस लावायच्या आधी गपचूप तुमच्याकडे आणून द्यायचे.

अशा माणसाला मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लावलं. आई गेल्यानंतरचं ते वर्ष. मी नोकरीसाठी बंगलोरला, तुम्ही इथे एकटे, आणि तुम्ही दुपारी ऑफिसात फोन करायचात, नेमकी मीटिंग चालू असताना. एकदा मी चिडून म्हणाले, "बाबा, ऑफिसात फोन नका करू, मेल करा ना, मी सावकाश वाचेन." सुट्टीत येऊन पाच रस्त्याजवळच्या सायबर कॅफेत तुम्हाला घेऊन गेले. तुम्ही एका बोटाने माझं नाव टाइप केलंत आणि चष्मा काढून पडद्याजवळ गेलात. म्हणालात, "यात ळ कुठे आहे गं?" मी म्हटलं, "नाहीये. एल मारा." "आणि ल?" "तोही एलच." "आणि काना?" "ए." "काना नसेल तर?" "तरीही ए. बाबा, सगळे असंच लिहितात आता, समोरच्याला बरोबर समजतं." तुम्ही खुर्चीत मागे टेकलात आणि म्हणालात, "म्हणजे अर्धं काम वाचणाऱ्याने करायचं." मी हसले. पण महिन्याला एक मेल येऊ लागली. तीन-चार ओळी, प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम, शाई जपून वापरल्यासारख्या.

तर त्या मेल नव्या लॅपटॉपवर नीट उघडल्या. मी शेवटून सुरुवात केली. शेवटची मेल एका शब्दाची होती. तिच्या आधी माझी, आणि त्या आधी तुमची. तुमची अशी:

Atya la phone var sangitale. Kal yeun geli. 5-7 minite hoti. Ata bare aahe. Dhavpal karu nakos.

आत्याला फोनवर सांगितले. काल येऊन गेली. पाच-सात मिनिटे होती. आता बरे आहे. धावपळ करू नकोस. तुम्हाला सर्दी झाली होती त्या सुमारास, आत्या घाटकोपरहून बघायला आली असणार, असं मी समजले होते. त्यावर मी काय लिहिलं होतं ते खालीच होतं: 'आत्याला एवढी कसली घाई? पुढच्या वेळी आली की जेवायला थांबवा.' आणि त्यावर तुमचं उत्तर, 'Thambavto.' थांबवतो. तारखा बघितल्या. त्यानंतर एकविसाव्या दिवशी तुम्ही गेलात.

के, ए, एल. काल. कळ. काना कुठे नव्हता, ळ कुठे नव्हता. कळ येऊन गेली, पाच-सात मिनिटे होती. बाबा, मी तारखा पुन्हा मोजल्या. मग आधी तुमच्यावरच उखडले. 'छातीत' हा एक शब्द लिहायला काय झालं होतं तुम्हाला? आणि माझी चूक तुम्हाला दिसली नाही असं तर होणारच नव्हतं. लोकांच्या पत्रिकांवर पेन्सिल घेऊन तुटून पडणारा माणूस, इथे एक ओळ लिहिता येत नव्हती, की बाई गं, आत्या नव्हे, कळ?

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा केली आणि आत्याकडे घाटकोपरला, भटवाडीत गेले. आत्या आता थकली आहे, कान थोडे गेलेत, जीभ शाबूत. मी विचारलं, "आत्या, बाबा जायच्या आधी तीन आठवडे तू आमच्याकडे येऊन गेली होतीस का?" ती म्हणाली, "मी खंय इलंय गो? मी तेव्हा गावाक होतंय. फोन इलेलो त्येचो." मग माझ्या हातातला कागद बघून तिला सगळं आठवलं. मी मेल कागदावर उतरवून नेली होती, आपल्या अक्षरांत. "दोनदा इलेलो फोन. पयलो छातीत दुखलां तेव्हा. मगे आणि एकदा. माका म्हणालो, 'चेडवान माझ्या काय लिवलांहा, आयक. म्हणता, कळ इली की तिका जेवूक थांबवा!' इतको हसलो तो, इतको हसलो, माका भय वाटलां. मी म्हटलंय, अरे, तिका खरां काय ता सांग मां. तर म्हणालो, 'रवंदे. तिचां काम चालू हा.'" आत्या मग डोळ्याला पदर लावून स्वतःच हसायला लागली, आणि मलाही हसू आलं, खरंच आलं. तिने आग्रह करकरून मला जेवायला घातलं. पेजेबरोबर फणसाची भाजी होती.

येताना रिक्षात वाटत होतं की आता सगळं जागच्या जागी बसलं. तुम्ही मला सांगितलं होतंत. तुमच्या पद्धतीने, पूर्णविराम देऊन, पण सांगितलं होतंत. इतकी वर्षं लोकांना मी खोटं सांगत होते, तुमची बदनामीच की ती, आणि आता ती थांबेल. माझी चूक तुम्हाला विनोदी वाटली, तुम्ही पोट धरून हसलात, आणि माझ्या कामात व्यत्यय नको म्हणून ती तशीच सोडलीत. घरी आल्यावर बाकीचे फोल्डर हलवले. जुना कॉम्प्युटर उद्या भंगारवाला नेईल. मग तुमच्या त्या मेलला उत्तर म्हणून हे लिहायला बसले. तुमचा पत्ता कधीच बंद झालाय, पाठवलं तर मिनिटभरात परत येईल. पण तसं नसतं तरी मी हे पाठवलं नसतं.

कारण तुम्ही हसलात ते मी चुकून 'काल' वाचलं असं समजून. बाबा, त्या दिवशी ऑफिसात ती मेल उघडली तेव्हा पहिल्यांदा मी कळच वाचलं होतं. एवढासा क्षण. रजा मिळणार नव्हती, आठवड्यावर मोठं काम होतं. मग आधीच्या वाक्यातली आत्या दिसली, कळचं काल झालं, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी पुन्हा वाचलं नाही.