वेगळा पेला आणि मागचा नळ

मी, शिवणकारखान्यातली कामगार, कारखान्याच्या गेटवरच्या संघटनेच्या सभांमुळे लोक जिला 'भोंगाबाई' म्हणतात ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहिते. शरीर माझे ऐकत नाही, पण डोके अजून कोणाच्या धाकात नाही.

मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे. या घरात त्याला 'पोटाचं दुखणं' म्हणतात.

घर माझ्या कमाईचे. ते सुनेला द्यावे, मुलाला नाही. तो वाईट नाही. पण "आई, हळू बोल, शेजारी ऐकतील," याखेरीज त्याने या आजारावर दुसरा उपचार केलेला नाही.

नवऱ्याने हयातभर पुढच्या खोलीत राहावे. आजार कळताच त्याने माझा पेला वेगळा केला. उष्ट्याने हा लागत नाही, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले, तर म्हणाला, "त्यांचं काय जातंय सांगायला!" मग मला विचारले, "तुलाच कसा झाला?" न्यायाधीशसुद्धा आधी आरोप वाचून दाखवतो. तो पेला मी त्यालाच देते. सुनेचा पेला वेगळा केला, तर त्याचा राहण्याचा हक्क त्याच दिवशी संपेल.

शिवणयंत्र आणि कात्री कारखान्यातल्या माझ्या जोडीदारणीला. माझ्या अंथरुणावर टेकून बसणारी ती एकटीच. बाकीच्या दारातूनच विचारपूस करतात.

सभेचा कर्णा संघटनेला. शोकसभेत त्यातून आजाराचे नाव घ्यावे. 'दीर्घ आजाराने' म्हणणाऱ्याला खाली बसवावे. पगारासाठी आभाळ फाडणाऱ्या आमच्या बायका रक्त जाते हे मात्र कुजबुजतात, आणि त्या कुजबुजीतच संपतात.

शेवटचे कलम सुनेचे. माझ्या भिंतीपलीकडे मागचा नळ आहे. महिन्याचे दिवस नसतानाही ती तिथे रक्ताचे कपडे धुते. मी विचारले, "काय गं?"

"काही नाही, आई. दगदग होते."

हा शब्द मलाही याच घराने शिकवला.

"उद्या तपासायला जाऊ."

"आधी तुमचं बरं होऊ दे."

माझे बरे होणार नाही. म्हणून लिहिते: तिची तपासणी झाली नसेल, तर ती होईपर्यंत माझा देह उंबऱ्याबाहेर नेऊ नये. घरातल्यांना नाक धरू द्या. बघू, कोणाची लाज आधी मोडते.

डॉक्टरीणबाई सहीसाठी आल्या आहेत. मी सुनेला हाक मारली आहे. दोनदा मारली.

नळ बंद होत नाही.

सही: भोंगाबाई
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. गल्लीतला औषधवाला
स्थळ: माझे अंथरूण, मागची खोली
दिनांक: आजचा, सोमवार. उद्याचा धरू नये.