घणाआधी चिप

४ फेब्रु.
श्रीमत्सकलयंत्रकुलवैद्य, मृतबोर्डसंजीवक, सोल्डरशस्त्रपाणी, डायलिसिसद्वयप्रतिपालक, म्हणजे रुग्णालयाचा तंत्रज्ञ जो मी, त्याचे आज नाक फुटले.
कारण : डायलिसिसचे दुसरे यंत्र चिप जळून निमाले. यंत्र उरले एक, रुग्ण दोन. मूल गावच्या रुग्ण वनिताबाईंचा भाऊ गुलाब याने सलाईनचा स्टँड उचलून दुसऱ्या रुग्णाच्या लेकाच्या मस्तकी हाणला. फरशीवर रक्त. मी शांतिपाठार्थ मध्ये शिरलो. पुढचा फटका मला.
"माह्या बहिणीले श्वास पुरून नाई राह्यला, अन् तुमी मशीन बंद काऊन ठेवली?"
प्रश्न रास्त. नाक माझे.

५ फेब्रु.
कंपनीची मधुर वाणी : ती चिप आता कोणी घडवीत नाही, नवे यंत्र घ्यावे. नव्याला निधी नाही.
मग साक्षात्कार. त्याच जातीचे एक यंत्र आम्हीच मोडीत काढून बल्लारपूरच्या भंगारवाल्याला दिले आहे! परंतु आमच्या रुग्णालयप्रमुख डॉ. बाईंची अट : कोणी परत वापरू नये म्हणून ते घणाने फोडायचे. फोडले असेल तर...

६ फेब्रु.
बल्लारपूर. गुलाबला मारामारीसाठी नेले नव्हते. दुचाकी त्याची होती.
भंगारवाल्याचा घण उगारलेला.
"थांब!"
"सायेब, फोडाचंच, हे तुमचीच अट हाये. मले काऊन फसवता?"
धर्म त्याच्या पक्षी. घण उतरला, यंत्राचा पडदा फुटला. दुसरा घाव उतरण्याआधी गुलाबने त्याच्या मनगटावर लोखंडी नळी घातली. वाळका बांबू मोडावा तसा आवाज. पडता पडता तो माझ्या दंडाला कडकडून चावला. मी यंत्राच्या उदरात हात घालून चिपसकट बोर्ड उपटला, तळवा चिरून घेतला.
त्याला प्लास्टर आमच्याच रुग्णालयात. तो शिव्या देतो, गुलाब चहा पाजतो.

८ फेब्रु.
चिप बसली. वनिताबाई यंत्रावर. "भाऊ, हे किती दिवस चालन?"
"आचंद्रसूर्य," म्हणालो. ठाऊक नाही.
डॉ. बाईंना विनंती : मोडीतल्या प्रत्येक यंत्राचा बोर्ड घणाआधी माझ्या हवाली व्हावा. दीर्घकालीन पुरवठा दुसरा नाही.
"जुन्या चिपमुळे रुग्ण दगावला तर?"
"चिपच नसल्यामुळे दगावला तर?"
बाईंनी पेन उचलले. मग : प्रत्येक चिप तपासून, तुमच्या जबाबदारीवर.
गडचिरोलीकडचे एक यंत्र आचके देत आहे म्हणे. मी, वैद्य, त्याच्या मरणाकडे डोळे लावून बसलो आहे.

१० फेब्रु.
भंगारवाल्याची तक्रार. गुलाबला पोलिसांनी नेले. उद्या मला बोलावणे. उद्याच वनिताबाईंची डायलिसिसची पाळी. मूलहून त्यांना आणणार कोण?
गडचिरोलीचे यंत्र वारले. बोर्ड इकडे निघाला. ठेवायला जिन्याखालची खोली मिळाली, पण दाराला कडी नाही. सुताराकडे कडी आहे, स्क्रू नाहीत. भांडारात विचारले : "स्क्रू वरून आले नाईत." दाराला तूर्त खुर्ची लावली आहे. ती सरकते.