मूडचा रकाना

सोमवार, ३ मार्च

मॅडमनी आज सगळ्यांसमोर झापलं! वृद्धाश्रमातल्या वरच्या मजल्यावरचे अकरा जण सांभाळायला माझ्याकडे. रोज पाच वाजता प्रत्येकाचं जेवण, झोप, चालणं कॉम्प्युटरवर भरायचं आणि शेवटी 'मूड' – इंग्रजीत, एकच शब्द. रकान्यात दुसरा मावतच नाही. मी तीन वर्षं 'चिअरफुल' लिहितेय. रुसले असतील तर 'क्वाएट'. संपलं!

"नातेवाईक म्हणतात, तुम्ही कॉपी-पेस्ट करता. चिअरफुलला दुसरे शब्दच नाहीत का?"

इतके दिवस कोणी वाचत नव्हतं. आता एकदम साहित्यिक व्हा म्हणे.

मंगळवार, ४ मार्च

लेकीने तिच्या शाळेच्या डिक्शनरीतून यादी काढून दिली. 'जॉली' हा ढेरपोट्या माणसाचा शब्द वाटतो, तो दोन नंबरच्या आजोबांना दिला. 'पर्की' खारीला शोभेल, माणसाला नको. 'लाइव्हली' म्हणजे चुणचुणीत – हा छान. 'ॲनिमेटेड' म्हटलं की मला कार्टून दिसतं, पण लेक म्हणते, "आई, लिही गं, भारी वाटतं!" तळाशी 'एक्झ्युबरंट'. आनंद नुसता उतू जाणारा माणूस. असं आमच्याकडे कोण? टेलरकाकू!

काकू चार नंबरच्या खोलीत. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. आता विसरायला होतं, मुलाचंही नाव कधी आठवतं, कधी नाही. पण रोज सकाळी सातला खणखणीत आवाजात गातात, टाळ्या पिटतात. त्यांना आज 'लाइव्हली', मोठा शब्द नंतर.

शुक्रवार, ७ मार्च

काकूंना 'ॲनिमेटेड'. काकू कालच्यासारख्याच. शब्द नवा!

मंगळवार, ११ मार्च

काकूंच्या मुलाने मॅडमना कळवलं – रिपोर्ट वाचून बरं वाटलं, आई मजेत दिसतेय. मॅडम माझ्याकडे बघून चक्क हसल्या. मी हवेत! काकूंना काल 'एक्झ्युबरंट' दिला होता, स्पेलिंग दोनदा तपासून. आज परत तोच. एवढा कष्टाने शिकलेला शब्द एकदाच कसा वापरायचा?

शुक्रवार, १४ मार्च

काकूंनी आज गाणं म्हटलं नाही. दुपारी घास तोंडात ठेवूनच झोपल्या. मीच बोट घालून काढला.

सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टरांनी मंगळवारी शांत राहायची गोळी वाढवली ना."

"का?"

"अगं, ते महिन्यातून एकदाच येतात. मधल्या दिवसांत तुझा मूडचा रकाना बघतात. काकू चढतच चालल्या होत्या – चिअरफुल, मग लाइव्हली, मग ते कार्टूनचं, मग ते लांबलचक काहीतरी. फोनवर म्हणाले, आत्ताच आवरायला हवं."

काकू कुठेच चढत नव्हत्या. मी यादीत खाली खाली जात होते!

शनिवार, १५ मार्च

सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि मॅडम आल्या. नोकरी जाईल. लेकीचं दहावीचं वर्ष. पोलिसातही देतील का?

एक सुचलंय. जशी वर चढवली तशीच खाली उतरवते. आज 'चिअरफुल'. उद्या 'प्लेझंट'. मग 'काम', म्हणजे शांत. डॉक्टर बघतील, म्हणतील सगळं ठीक आहे, गोळी कमी करा. कोणाला काही कळणार नाही.

सोमवार, १७ मार्च

'काम' लिहिलं. काकू जेवल्या नाहीत. जेवणाच्या रकान्यात 'अर्धं' लिहिलं. हे खोटं मी का लिहिलं?

मंगळवार, १८ मार्च

डॉक्टरांचा निरोप आला – गोळी छान लागू पडली. हाच डोस चालू ठेवा.

छान!! माझ्याच शब्दांनी त्यांची खात्री पटली. मला जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "काय झालंय तुला? चेहरा का असा?" म्हटलं, पित्त.

बुधवार, १९ मार्च

सकाळी काकूंना बाथरूमकडे नेत होते. पाय लटपटले आणि माझ्या हातातून निसटल्या. ओठ फुटला. रक्त बघून त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्याची मला फार भीती वाटली. ही बाई माझ्यामुळे मरेल.

तशीच सिस्टरकडे गेले. म्हटलं, "डॉक्टरांना फोन लावा. आत्ताच." सगळं सांगितलं – यादी, लेक, खालून वर, वरून खाली, अर्धं जेवण.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे बदल पेशंटमध्ये नव्हता. तुमच्या डिक्शनरीत होता."

"हो."

"आणि मी न बघताच..." मग फोन सिस्टरना द्या म्हणाले. अकरा वाजता स्वतः आले. गोळी कमी केली.

मॅडम म्हणाल्या, "तुमचं काय करायचं ते पुढच्या आठवड्यात बघू." करा काय करायचं ते. आधी काकू उठू देत.

शुक्रवार, २१ मार्च

झोपूनच आहेत. दर तासाला श्वास बघते. सिस्टर वैतागल्या – "अगं, त्यांना झोपू दे, तू बस जरा!" बसवत नाही.

सोमवार, २४ मार्च

डोळे उघडले! चष्मा मागितला! मी बाहेर जाऊन जिन्यात रडून घेतलं. नोकरी तूर्त राहिली, पण लेखी ताकीद मिळाली. घेतली.

बुधवार, २६ मार्च

काकूंना पेज भरवत होते. लाडाने म्हटलं, "आता परत गायला लागा बघू. तुमच्याशिवाय मजला ओस पडलाय."

काकू म्हणाल्या, "गाणं कसलं गं पोरी? जाग आली की खोली ओळखू यायची नाही. कुणाचं घर, मला इथं कोणी आणलं, काही कळायचं नाही. जीव नुसता घाबरा व्हायचा. आधी हाका मारून बघितल्या. कोणी येईना. गायलं की मात्र तू हसत हसत यायचीस."

पाच वाजता रकान्यात लिहिलं – 'फ्रायटन्ड'. मग मागच्या तारखा उघडून बघितल्या. तीन वर्षांच्या. त्या आता बदलता येत नाहीत.