टिचकीचा उपास

मंगळवार, ८ सप्टेंबर

शाळेतून फोन. टिचकी प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली. एका म्हातारबुवांच्या कवळीचं मेण कोरत होतो, तसंच टाकून धावलो. लॅबचे मालक म्हणाले, ‘जा, जा. अजून एक दिवस बिनदाताचे जेवतील.’

बाकावर आडवी केली होती. आठ वर्षांची पोर, पण बाकाचा अर्धा भाग रिकामा. टिचकी हे नाव बायकोनं ठेवलेलं — जन्मली तेव्हा एवढीशी होती की टिचकी मारली तर उडून जाईल. आता पुन्हा तशीच दिसायला लागली आहे.

बाई म्हणाल्या, ‘डबा रोज वाटून टाकते हो ती.’ डॉक्टरांनी विचारलं, घरी जेवते का? म्हटलं, जेवते की! मग आठवायला बसलो. ताट समोर असतं. उठताना रिकामं असतं. मधलं काही मी बघितलेलंच नाही.

तिची आई गेल्यापासून पोरगी एकदाही रडली नाही. दफनभूमीत सगळे म्हणत होते, केवढी समजूतदार! मलाही अभिमान वाटला होता. गाढव आहे मी.

बुधवार, ९ सप्टेंबर

तिचे बूट पुसायला घेतले तर आतून खडखड. उलटे केले. प्लास्टरच्या कपच्या पडल्या. माझ्याच कामाच्या! साचा तासताना उडतात त्या, चांगल्या धारदार. घरी आणलेल्या कामाच्या टेबलाखालून वेचल्या असणार.

‘हे काय?’

‘टोचायला.’

‘कशाला?’

‘आईसाठी,’ म्हणाली. मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारतोय अशा आवाजात.

मग हळूहळू सगळं निघालं. आजीनं सांगितलं होतं की आई अजून स्वर्गात पोचलेली नाही. मधे एक जागा आहे, शुद्धिस्थान. तिथे माणूस धुऊन निघतो, आणि ते सोपं नसतं. आपण इथे काही सोसलं, काही सोडलं आणि ते तिच्या नावानं देवाला वाहिलं, तर तिची सुटका लवकर होते. म्हणून टिचकीनं आधी चॉकलेट सोडलं. मग डबा. मग रात्रीचं जेवण. रडणंही सोडलं, कारण रडलं की बरं वाटतं.

रडलं की बरं वाटतं! हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनं शोधून काढलं.

माझ्या आईला विचारलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले. ‘मी एक गोळी-चॉकलेट सोड म्हटलं होतं रे. पोरीच्या मनाला तेवढंच काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून. जेवण सोड असं कोण सांगेल लेकराला?’ मग म्हणाली, ‘पण जे सांगितलं ते खरं आहे. मला माझ्या आईनं तेच सांगितलं.’

ओरडणार होतो. ओरडलो नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

पाळकसाहेबांना बोलावलं. माझं असं आहे की मी जन्मानं कॅथलिक, लग्नापासून बायकोबरोबर तिच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये जाणारा. आईच्या फादरांच्या लेखी मी भरकटलेलं मेंढरू आणि पाळकसाहेबांच्या लेखी अर्धवट सापडलेलं. पण माणूस भला. हातातलं काम टाकून आला.

टिचकीला जवळ घेऊन म्हणाले, ‘बेटा, अशी मधली कुठली जागाच नाही. पवित्र शास्त्रात तिचा पत्ता नाही. येशूनं सगळं भागवलं. तुझ्या आईनं डोळे मिटले त्या क्षणी ती प्रभूजवळ गेली. तू काही देणं लागत नाहीस.’

किती छान बोलले. माझ्याच छातीवरचं ओझं उतरलं.

टिचकीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण तुम्ही चुकत असाल तर?’

पाळकसाहेब हसले.

‘तुमचं खरं असेल तर मी उपाशी राहिले तरी काही बिघडत नाही,’ ती म्हणाली. ‘पण आजीचं खरं असेल आणि मी जेवले, तर आई तिथेच राहील. माझ्यामुळे.’

हसू गेलं. चहाही अर्धाच टाकून गेले बिचारे. दारात मला म्हणाले, ‘मी सेमिनरीत याच्यावर निबंध लिहिला होता. एवढा पेचात कुणी पकडलं नव्हतं.’

शनिवार, १२ सप्टेंबर

संध्याकाळी मेहुणी आली. तिचं चर्च शनिवारवालं — शनिवार हाच खरा विसाव्याचा दिवस, त्या दिवशी काम नाही की बाजार नाही. दोघी बहिणी एकाच घरच्या. लग्नानंतर ही तिकडे गेली. दोघींचं एकमेकींवर जिवापाड प्रेम आणि दर सणाला शास्त्रावरून भांडण. बायको म्हणायची, ‘ताईला मी आवडते, फक्त माझा रविवार आवडत नाही.’

तिनं टिचकीला मांडीवर घेतलं. म्हणाली, ‘आई झोपली आहे गं. स्वर्गात नाही, त्या दुसऱ्या जागेत तर मुळीच नाही. गाढ झोपलीय. तिला काही दुखत नाही, काही कळत नाही. येशू येईल तेव्हा उठवेल. तिला वाटेल, आत्ताच तर डोळा लागला होता.’

टिचकीनं विचारलं, ‘मग तिला मी दिसत नाही?’

‘नाही बाळा.’

पोरगी तिच्या खांद्यावर रेलली. वाटलं, हे पटलं. मग म्हणाली, ‘तीन जण तीन गोष्टी सांगतात.’ आणि जेवायला नाही उठली. तीन तिघाडा, काम बिघाडा.

मेहुणी गेल्यावर मीच बसून राहिलो. खरं सांगायचं तर तिचं बोलणं मलाच लागलं. कामाच्या टेबलावर मी बायकोशी बोलतो. आज काय भाव मागितला, कुणाची कवळी हसताना बाहेर आली, असलं काहीबाही. ती झोपली असेल तर हे ऐकतं कोण? आणि आईचं खरं असेल तर ती माझे हे फालतू विनोद ऐकत सोसते आहे. मला पाळकसाहेबांचंच खरं असायला हवं आहे. पण हवं असणं म्हणजे विश्वास नव्हे, एवढं मलाही कळतं.

तिची फार आठवण येते.

बुधवार, १६ सप्टेंबर

पुन्हा पडली. या वेळी बाथरूममध्ये. कपाळाला खोक. ॲडमिट केलं. सलाईन लावलंय.

गुरुवार, १७ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाल्या, शनिवार-रविवार बघू. नाहीच खाल्लं तर नाकातून नळी घालावी लागेल. टिचकीनं ते ऐकलं. नंतर मला हळूच विचारलं, ‘पप्पा, नळी दुखते का?’

मला वाटलं घाबरली. म्हटलं, हो, खूप दुखते.

‘बरं,’ म्हणाली. आणि तिचा चेहरा — समाधान होतं त्यावर! मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकलं.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

तिघांनाही एकत्र बोलावलं. आईचे फादर, पाळकसाहेब, मेहुणी. आमच्या पुढच्या खोलीत, तीन खुर्च्यांवर. आई दाराशी स्टुलावर. मी म्हटलं, ‘माझ्यावर उपकार करा. तिघांना मान्य असेल असं एकच काहीतरी ठरवा आणि पोरीला तिघांनी मिळून सांगा.’

सुरुवात झकास झाली. देव एक — मान्य. येशू आपल्यासाठी मेला, तिसऱ्या दिवशी उठला — मान्य. तो परत येईल, मेलेले उठतील, देहासकट — मान्य! मेहुणीनं तर चक्क फादरांसाठी मान डोलावली. मला वाटलं, अरे, एवढी एकी आहे तर हे तीन दरवाजे वेगळे कशाला?

मग मी विचारलं, ‘आणि आत्ता? आज, या घटकेला माझी बायको कुठे आहे?’

झालं. फादर म्हणाले, मृतांसाठी प्रार्थना पहिल्यापासून चालत आलेली आहे. पाळकसाहेब म्हणाले, चालत आलेलं सगळंच खरं नसतं. मेहुणी म्हणाली, दोघंही आत्मा अमर धरून चाललात, तिथेच घोटाळा आहे. कुणी आवाज चढवला नाही. सगळे एकमेकांना ‘आपण’ म्हणत होते. मी मात्र त्या आदबीला विटलो. जगाच्या आरंभाचं ठाऊक, शेवटाचं ठाऊक. मधलं, जिथे माझी पोर अडकली आहे, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही.

शेवटी दवाखान्यात गेले सगळे. फादर कॉटवर बसले. ‘लहान मुलांनी उपाशी राहावं असं आमचं चर्च सांगत नाही. देवाला ते नको आहे,’ असं अगदी स्पष्ट म्हणाले. बाकी दोघांनी हो हो केलं. टिचकीनं त्यांच्याकडेच बघितलं. तेवढ्याच माणसाला आजी मानते हे तिला माहीत आहे.

‘आई सुटली का?’

म्हातारा खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं! पण म्हणाले, ‘ते मला माहीत नाही, बाळा. कुणालाच माहीत नसतं. पण देव दयाळू आहे.’

टिचकीनं कूस बदलली. भिंतीकडे तोंड केलं. माझी आई दारात उभी होती. पोरीच्या पाठीकडे बघत होती.

रविवार, २० सप्टेंबर

काही खाल्लं नाही. उद्या सकाळी नळी.

सोमवार, २१ सप्टेंबर

जेवली!

नीट लिहून ठेवतो. सकाळी नर्स नळीचं सामान घेऊन आली तेवढ्यात आई पोचली. नर्सला म्हणाली, जरा थांब गं. टिचकीजवळ बसली, तिचा हात हातात घेतला. म्हणाली, ‘पहाटे तुझी आई स्वप्नात आली होती.’

टिचकी गर्रकन वळली.

‘काय म्हणाली?’

‘सुटले म्हणाली. टिचकीला सांगा, आता पुरे.’

पोरगी काही कच्ची नाही. उलटतपासणी सुरू. कशी दिसत होती? काय घातलं होतं? आई न अडखळता सांगत गेली. पांढरं घातलं होतं. केस सगळे परत आले होते, कमरेपर्यंत, आजारापूर्वी होते तसे. पायात काही नव्हतं. हसत होती.

‘दुखत होतं का तिला?’

‘अजिबात नाही.’

टिचकीनं आजीकडे टक लावून बघितलं. आमची आई खोटं बोलत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. एकदा वसुलीवाला आला तेव्हा मी कपाटामागे लपलो होतो. हिनं दार उघडून सांगितलं, ‘आहे घरात, कपाटामागे आहे.’ टिचकीला ही गोष्ट तोंडपाठ आहे.

मग तिचे ओठ थरथरले. आणि रडली. असं रडणं मी ऐकलेलं नाही, वॉर्डातल्या बाकीच्या आया उठून आल्या. आजीच्या मांडीत डोकं खुपसून कितीतरी वेळ ‘आई, आई’ करत होती. मग दूध मागितलं. दूध-पाव खाऊन झोपली.

आणि मी? मीही विश्वास ठेवला. केस परत आले, हे ऐकलं तेव्हा आतून काहीतरी सैल झालं. संध्याकाळी टेबलावर बायकोला म्हटलं, झालं ना मोकळं? बरं झालं. आज तिच्याशी बोलताना कुणीतरी ऐकतंय असं पक्कं वाटलं.

गुरुवार, २४ सप्टेंबर

घरी आणली. दोन वेळा जेवते, मधे खायला मागते, मधेच रडते. डॉक्टर म्हणाल्या, रडू द्या.

मेहुणीच्या कानावर स्वप्न गेलंच. मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘भाऊजी, आमच्यात असं मानत नाहीत. मेलेलं माणूस येऊन बोलत नाही. असल्या स्वप्नांपासून सावध राहा असं शिकवतात आम्हाला.’ मग स्वयंपाकघराकडे बघितलं. टिचकी आजीकडून वाढून घेत होती. ‘पण मी गप्प बसणार आहे.’

पाळकसाहेबांनी फक्त विचारलं, जेवली ना? आणि विषय बदलला.

आई हल्ली फार कमी बोलते. थकली असेल.

रविवार, २७ सप्टेंबर

आईचा गुडघा धरलाय म्हणून तिच्या चर्चमध्ये मिस्साला मी आणि टिचकी सोबत गेलो. पवित्र भाकर घ्यायला सगळे रांगेनं पुढे गेले. मी तिथे घेत नाही, नेहमीच बाकावर राहतो. आज शेजारी आईही बसून राहिली. इतक्या वर्षांत कधीच नाही. वाटलं गुडघा. हात पुढे केला, तर मान हलवली.

बाहेर पायऱ्यांवर विचारलं. टिचकी पुढे पळाली होती.

‘पाप मनात ठेवून ती भाकर घेत नाहीत,’ म्हणाली. ‘फादरांकडे कबुली द्यायची तर पश्चात्ताप लागतो. तो येत नाही मला.’

‘कसलं पाप?’

‘स्वप्नबिप्न काही पडलं नव्हतं.’ पायऱ्या उतरताना माझा दंड घट्ट धरला होता. ‘मेलेल्या माणसाच्या नावानं खोटं बोलले. ती बिचारी अजून तिथेच असेल, आणि तिच्यासाठी मागणारी एक मी कमी केली. हे सगळं कळतं. पण पोरगी जेवताना बघते आणि वाईट वाटतच नाही.’

मी पायरीवरच थांबलो.

‘चेहरा नीट कर,’ आई म्हणाली. ‘पोरगी बघतेय.’